इंग्रजीचा तास आणि आमची रंगी

आमच्या घरात इंग्रजी व्याकरण पचवलं ते फक्त रंगीनं. रंगी ही आमची म्हैस.

झालं असं, की कवठे महांकाळच्या आमच्या बागेतली द्राक्षं यंदा परदेशी पाठवायचं चाललं होतं. कंपनीचा साहेब येऊन बाग बघणार, पसंत पडली तर सगळा माल उचलणार. नाही पडली, तर वर्षभराची मेहनत पाण्यात! साहेब इंग्रजीतच बोलणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं. (मला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगावं लागत नाही!)

दोनशे पानी वही आणली, व्याकरणाचे नियम उतरवले आणि फर्मान काढलं: रोज संध्याकाळी पाच ते सहा फक्त इंग्रजी. मराठी बोलेल त्यानं महिनाभर गोठ्यातलं शेण काढायचं! फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले माझे वडील, आमचे आबा, भलतेच खूश झाले. मराठी शब्द पकडायला शिट्टी घेऊन ओट्यावर बसले.

"आन् मला येत न्हाई, त्येचं काय?" आई म्हणाली.

"तू गप बसायचं."

"तासभर गप? म्या?" (पण बसली बिचारी.)

बायको कोरेगावची, बी.ए. झालेली. माझ्या प्रत्येक वाक्यावर ती टपून बसायची. आठ दिवसांत मला एवढंच कळलं, की आपण तोंड उघडलं की आर्टिकल चुकतं.

साहेब उद्या यायचा म्हणून मी निवडक घड क्रेटमध्ये भरून अंगणाच्या कडेला ठेवले. वर वही ठेवली. आणि साहेब आजच टपकला! सव्वापाचला!

"राम राम मंडळी! मी शिराळ्याचा. इकडनंच चाललो होतो, म्हटलं आजच बाग बघावी. जरा पाणी मिळंल का?"

शिराळ्याचा! म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला! मी आबांकडं बघितलं. शिट्टी ओठाला लागलेली. महिनाभराचं शेण माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

"प्लीज सिट," मी म्हणालो.

"बसतो की. पण पाणी?"

"सिट!" आबा गरजले. साहेब मटकन बसला.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागं रंगी दावं तोडून आली आणि तिनं क्रेटमध्ये तोंड घातलं. ती कचाकचा घड चावतेय आणि मी वाक्य जुळवतोय!

"बफेलो..."

"आर्टिकल!" बायको फणकारली.

"अ बफेलो... नो, द बफेलो... इज ईटिंग..."

"व्हेरी गुड!" आबा म्हणाले.

साहेबाला घाम फुटला. "काकी, घरात समदं बरं हाय न्हवं? तुमी तरी बोला!"

आईनं पदर खोचला. "आरं मुडद्या, म्हस द्राक्षं खातीया आन् तू शाळा भरवतोस व्हय? आन् आवं, तुमी त्येला शाबासकी देताय!"

आबांनी दणकून शिट्टी फुंकली. रंगी बिथरली, क्रेट उलथलं, आणि ती माझी वही तोंडात धरून अंगणभर नाचली. थांबली तेव्हा वहीचा पुठ्ठा तेवढा उरला होता.

आईनं साहेबाला पाणी दिलं, स्वतः बागेत नेलं, घड तोडून चाखायला दिला, फवारणी कवा आन् कशाची झाली ते धडाधड सांगितलं. परत आल्यावर साहेब मला म्हणाला, "माल लय झ्याक हाय गड्या, समदा घेतला. फक्त यापुढं बोलणं काकींसंगंच!"

तो गेला. आता माझी अब्रू राखायला नियम तेवढा उरला होता.

"आई, नियम म्हंजे नियम," मी म्हणालो. "शेण तुलाच काढावं लागंल."

आबांनी घड्याळ बघितलं. सहाला दोन मिनिटं कमी!

"ती माल वाचवायला बोलली," सहा वाजू दिल्यावर आबा म्हणाले. "तू कशाला बोललास रं?"

तेव्हापासून रोज सकाळी गोठ्यात मीच असतो. माझं दोनशे पानी इंग्रजी पाटीत भरायचं आणि उकिरड्यावर नेऊन टाकायचं!