अकरा वाजताचं जाळं

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका कारखान्याला तळवलीच्या खाडीत सांडपाणी सोडायचं होतं. तिथे मासे आहेत का, हे तपासायला ऑफिसनं मला तीन दिवस पाठवलं. जाळं टाकायला गावातला एक म्हातारा मिळाला. फॉर्मवर त्याच्या नावाचा रकाना नव्हता, म्हणून मीही नाव विचारलं नाही.

जीप अकराला पोचायची, म्हणून जाळं अकरालाच पडायचं. तो पाण्यात बोट बुडवून चाटायचा, माझ्या घड्याळाकडे बघायचा आणि निमूट जाळं टाकायचा. वर नुसता चिखल यायचा. तरी तो जाळं मन लावून धुवायचा.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सायेब, अष्टमी हाय. या टायमाला ओहोटीच असते. मासली पान्याबरोबर येते, हापिसाबरोबर नाय."

"संध्याकाळी जीप मिळत नाही," मी म्हणालो.

त्यानं जाळं गुंडाळलं आणि मला घरी जेवायला नेलं. आदल्या संध्याकाळी भरतीला याच खाडीत मिळालेल्या बोय माशांचं कालवण होतं. मी दोनदा मागून घेतलं. मग तिथेच बसून रिपोर्ट लिहिला : मासे आढळले नाहीत.

ऑफिसात आमच्या साहेबांनी तो कागद नाकाशी नेला. "बोय वाटतं," म्हणाले, आणि खाली मंजुरीची सही केली.