दहा सेकंदांची शांतता

खातीपुऱ्यातल्या माझ्या फ्लॅटची मागची खोली म्हणजे माझा स्टुडिओ. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, दारावर रजई, पंखा बंद. कंपनीचं काम आटोपलं की उरलेल्या वेळात मी जाहिरातींना आवाज देते. आवाजाच्या बाबतीत मी भयंकर किरकिरी आहे. कुणी खुर्चीत नुसतं हललं तरी माझं डोकं फिरतं.

धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी इथलीच, जयपूरची. बाबा विम्याच्या नोकरीत बदली होऊन इथे आले तेव्हापासून इथल्या मराठी लग्नांत मंगलाष्टकं म्हणावीत तर आईनेच, आणि तीही स्वतः रचून, प्रत्येक जोडप्यासाठी नवी. या खेपेला मात्र बाबांचा फोन आला. "गर्दीत तिचा घसा बसतो गं. तू घरी रेकॉर्ड करून घे, लग्नात तेच लावू." मला आनंदच झाला. स्वतःच्या लेकाच्या लग्नात आईचा आवाज घुमायलाच हवा होता, आणि तो चकचकीत करून देणार होते मी.

रविवारी सकाळी दोघं रिक्षाने माझ्याकडे आली. आईला माइकपुढे बसवलं. "ती एकटी घाबरते, मी आत बसतो," बाबा म्हणाले. मी त्यांना दम दिला, की हूं का चूं करायचं नाही. दार लावून, वायर खालून बाहेर घेऊन मी हॉलमध्ये लॅपटॉपपाशी बसले.

माझी एक पद्धत आहे. गाण्याआधी दहा सेकंद खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. नंतर तीच सॉफ्टवेअरला दाखवायची, की हा या खोलीचा गोंगाट, एवढा वजा कर. "दहा सेकंद गप्प बसा, मग सुरू करा," असं दारातून ओरडून मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि फ्रिजची घरघर बंद करायला स्वयंपाकघरात गेले. परत येऊन हेडफोन लावला तर आई सुरू झाली होती. ओळीओळीला विसावा घेत, पण आठही कडवी सलग, एकही चूक नाही. माझी मान ताठ झाली.

जेवायच्या आधी मी घाईघाईने मिक्स करून लग्नाच्या डीजेला पाठवलं. जेवणं होतात न होतात तोच त्याचा फोन. "मॅडमजी, लेवल बहुत कम है। खुले गार्डन में आवाज़ उड़ जाएगी।" मला झोंबलंच. आई-बाबा आतल्या खोलीत आडवे झाले होते. मी पुन्हा हेडफोन चढवला.

आवाज मोठा करायचा म्हणजे नुसतं बटण फिरवून चालत नाही. आधी मोठे आवाज दाबायचे, मग सगळंच्या सगळं वर उचलायचं. ढवळलेल्या विहिरीत गाळ वर येतो तसं मग तळाचंही वर येतं. श्वास, साडीची सळसळ, जिभेचा टक. ते मला ठाऊक होतं. पण दोन ओळींच्या मध्ये आणखी काहीतरी होतं.

कुणीतरी कुजबुजत होतं.

प्रतिध्वनी असेल म्हणून मी सगळे इफेक्ट काढले, मूळ रेकॉर्डिंग उघडलं, तेच आणखी वर उचललं. कुजबुज तिथेही होती. प्रतिध्वनी आवाजाच्या मागून येतो. ही आधी येत होती. आई जी ओळ म्हणणार ती ओळ आधी कुणीतरी दबक्या स्वरात पुरी म्हणे, आणि मग आई गाई. भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना माझ्या अंगावर काटा आला. मी हेडफोन काढून मागच्या खोलीचं दार उघडून पाहिलं. माइक आणि दोन रिकाम्या खुर्च्या.

पुन्हा ऐकलं. दातांच्या फटीतून येणारी ती बारीक शीळ ओळखीची होती. बाबा! मला असा राग आला म्हणून सांगू. एवढं बजावूनही हे तिथे बसून पुटपुटत होते. उठले की चांगलं ऐकवायचं, असं मनाशी ठरवून मी कुजबुज पुसायच्या मागे लागले. आईने स्वतः रचलेल्या ओळी आईला सांगायच्या कशाला, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुसायला नमुना हवा, म्हणून सुरुवातीची शांतता निवडली आणि ती स्वच्छ आहे ना हे बघायला पुरती वर उचलली. गाद्यांमधून आल्यासारखी गूं ऐकू आली. मग आईचा आवाज, अगदी हळू.

"अहो, ती बाई कोण? माझ्या बांगड्या का काढून नेल्या तिनं?"

"आपलीच आहे ती. देईल परत. आता माझ्यामागून म्हण हं."

पुढे पुन्हा नुसती गूं.

किणकिण नको म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी मीच तिच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या उतरवल्या होत्या. त्या लॅपटॉपशेजारी तशाच पडल्या होत्या. सकाळपासून तिने त्या मागितल्या नव्हत्या. ती मला घाबरली होती. गेले कित्येक महिने माझा प्रत्येक फोन बाबाच उचलत होते, "ती जरा पडलीय," म्हणत होते, आणि मी बरं म्हणून ठेवून देत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बांगड्या घेऊन मी आत गेले. आई पलंगाच्या काठावर बसली होती, बाबा खिडकीशी. माझ्या मुठीकडे बघून बाबांनी विचारलं, "ऐकलंस?" मी मान हलवली. "लग्न पार पडू दे," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मी आईपुढे खाली बसले. तिने शहाण्या मुलीसारखा हात पुढे केला. मी एकेक बांगडी चढवत गेले तशी ती मोकळी झाली, हसली.

"लग्नाला यायचं हं तुम्ही," ती म्हणाली. "माझ्या मुलाचं आहे."

"येते," मी म्हणाले.