सुईने आखलेल्या बारा फासळ्या

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती त्या दिवसांत मी लालबागला राहायचो, मिलच्या वर्कशॉपमध्ये पत्रेकाम करायचो आणि रविवारी माटुंग्याला विमान बांधायला जायचो. हे सांगितलं की लोक अजूनही माझ्या तोंडाचा वास घेतात.

विमान एका निवृत्त प्रोफेसरांचं होतं. बंगल्यामागच्या गॅरेजात ते एकट्यापुरतं विमान स्वतः बांधत होते आणि उडवणारही स्वतःच होते. पंखांच्या बारा फासळ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून वाकवायचं काम माझ्याकडे होतं. लाकडी साच्यावर पत्रा आवळायचा आणि मोगरीने ठोकत कड हळूहळू खाली बसवायची. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "आखायला सुई नको. पेन्सिल घे."

माझं डोकं फिरलं. आमच्या धंद्यात पेन्सिलीने आखतो तो सुतार. पत्रेवाला पोलादी सुईने ओरखडा काढतो, तेव्हा कुठे केसाचाही फरक न पडता वाक बसतो. हा पुस्तकी माणूस मला शिकवणार? मी मान डोलावली. त्यांची पाठ वळली की सुईने आखायचो आणि वरून पेन्सिल फिरवायचो. फासळ्या अशा देखण्या झाल्या की बारावी झाली त्या रविवारी सरांनी माझी पाठ थोपटली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी हरताळ होता. मिल बंद, मी घरी. तेवढ्यात मोरीकडून बायको ओरडली, "तुमी लावलेलो कान मोडलो!" तिच्या टोपाला वर्षभरापूर्वी मीच ॲल्युमिनियमच्या पट्टीचा कान करून लावला होता. हातात घेऊन बघितला. सुईच्या रेघेवरच सरळ तुटला होता, ब्लेडने कापल्यासारखा.

फासळ्यांवरही तसलीच रेघ होती. सर त्याच दिवसापासून फासळ्यांवर पत्रा चढवून रिबिटा मारायला बसणार होते. एकदा पंख बंद झाला की आतली रेघ कुणालाच दिसणार नव्हती. खरं सांगतो, गप्प बसावंसं वाटलं. पण त्या पंखांच्या भरवशावर वर जाणार होते ते सर.

बस नव्हत्या. मोगरी पिशवीत टाकली आणि चालत निघालो. दादरला 'झालाच पाहिजे'च्या घोषणा चालल्या होत्या. एरवी मीही घसा फोडला असता. एका हवालदाराने पिशवी तपासली.

"मोगरी? काय फोडायला चाललास?"

"विमानाचं काम आहे," मी म्हटलं. वेडा समजून त्याने मला सोडून दिलं.

सर गॅरेजातच होते. पहिल्या दोन फासळ्यांना रिबिटा मारून झाल्या होत्या. मी दारातूनच सगळं ओकून टाकलं. त्यांनी एक सुटी फासळी उचलली, अंगठ्याने तिची कड मागेपुढे केली. दुसऱ्यांदा दाबताच रेघेवर चीर गेली.

"बाराही?"

"बाराही."

आता हे मला हाकलणार, असं धरून मी पिशवी घेऊन वळायला लागलो. सरांनी कपाटामागून पत्रा काढला. तो शेवटचा होता, परदेशातून मागवलेला, पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. तो त्यांनी माझ्यापुढे टेबलावर आडवा ठेवला, कानावरची पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चालत आलास. आधी पाणी पी." मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. इतका विश्वास मला घरच्यांनीही दाखवला नव्हता.

तेव्हापासून मी पेन्सिलीनेच आखतो. वर्कशॉपातले मला सुतार म्हणायचे. म्हणोत बापडे.

पुढे जुहूला ते विमान उडालं. मी खाली उभा राहून पंखांकडे टक लावून होतो. उतरल्यावर सर माझ्याकडेच आले. टोपी काढत म्हणाले, "वर इंजिनाची धास्ती वाटली रे. पंखांची नाही वाटली."