आंघोळ संपल्याचा आवाज

त्या सकाळी आम्ही दोघांनी मुलाला आंघोळ घातली. रोजचंच काम. मुलगा बत्तीस वर्षांचा, अंगाने माझ्या दुप्पट, डोक्याने तीन वर्षांचा. मी मागून दंड धरायचो, बायको पुढून पाणी ओतायची. ती त्याला म्हणाली, "मेल्या, हलू नको. बापूस म्हातारो झालो तुझो." मग कांजूरच्या कचराडेपोचा वास आला म्हणून तिने खिडकी लावली. दुपारी बांगडे साफ करता करता बसल्या जागी कलंडली. हॉस्पिटलात नेईस्तोवर संपली होती.

मी जन्मभर एका प्रयोगशाळेत काचेच्या बशा धुतल्या. त्यात सुतापेक्षा बारीक अळ्या पाळायचे. तिथल्या संशोधक बाईंनी एकदा मायक्रोस्कोपमधून एक दाखवली. "काका, ही चार वेळा कात टाकून मोठी होते. ठरल्या वेळी आत बारकंसं काहीतरी तयार होतं, मायक्रो आरएनए. ते नवं काही घडवत नाही. मागच्या कामाचा हुकूम दाबतं. बस झालं, पुढे चल."

"आणि नसलं तर?"

"तर लहानपणीचंच काम पुन्हा पुन्हा करत बसते. दुसरं एक नसलं तर मोठी होता होता फुटते."

फुटलेली मी बघितली. आतडी बाहेर.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मगे आमच्या झिलाचा तसाच." मी बाईंना विचारून आलो, आमच्या पोराचं तसंच असेल का. माणसाचं एवढं सोपं नसतं, म्हणाल्या. ते घरी सांगितलं, तर बायको दोन दिवस माझ्यावर चिडून होती.

स्मशानातून आलं की आंघोळ करावीच लागते. अग्नी मुलानेच दिला, हात मी धरला होता. घरी येऊन त्याला मोरीत घेतलं. मी एकटा. पाणी, साबण, पाणी. तो परत साबण चोळायला लागला. परत. परत. कातडी लाल झाली, मग रक्त आलं. "बस कर रे!" म्हणून साबण ओढला, तर त्याने माझा अंगठा हाडापर्यंत चावला. भिंतीवर डोकं आपटायला लागला. मी थोबाडीत मारली. त्याने मला उचलून दारावर फेकलं. माझा दात तुटला. मयताला आलेल्या मेहुण्याने आणि शेजारच्या दोघांनी त्याला पाडून बायकोच्याच साडीने बांधलं. मेहुणा छातीवर गुडघा रोवून बसला.

"भावोजी, बास आता. सकाळी गाडी आणतो. असली माणसं ठेवायची जागा आहे. हा तुमचा जीव घेईल."

मी रक्त थुंकलो. खरं सांगतो, मलाही वाटलं, न्या.

रात्रभर बांधलेल्या पोराशेजारी बसून मी आमची रोजची आंघोळ मनात परत परत घातली. पाणी, साबण, पाणी, आणि मग? मागे उभा असल्याने मला काही दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. शेवटी बायको रिकामा तांब्या लोखंडी बादलीच्या काठावर आपटायची. मला वाटायचं, उरलेलं पाणी झटकते.

सकाळी मी साडीची गाठ सोडली. त्याला मोरीत बसवलं. पाणी, साबण, पाणी. त्याचा हात साबणाकडे गेला. मी तांब्या आपटला. त्याने ढकललं, माझी पाठ नळावर आदळली. परत आपटला, तांब्याला पोचा येईस्तोवर. तो थांबला. उठला, टॉवेलसाठी हात वर केले, आणि दाराकडे बघत राहिला, ती येईल म्हणून.

बाहेर मेहुणा कडी वाजवत होता. "भावोजी, गाडी आलीय."

"परत ने," मी आतून ओरडलो. "नाहीतर हाच तांब्या टाळक्यात घालीन तुझ्या."

आणि त्याची पाठ पुसायला घेतली.