फादरांची वही

सुक्या बोंबलाचा वास आला की मला उत्तनच्या परदेशी फादरांची वही आठवते. नव्वदच्या सुमारास ते बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायांजवळ बसून आमच्या कोळी बोलीत येशूच्या दुःखाची गाणी लिहायचे. ओळ चुकली की बाया फादरांनाही सोडत नसत. गुड फ्रायडेला मात्र चर्चच्या कमिटीवाल्याने ती वही काढून घेतली. "देवापुढे मच्छीबाजारातली भाषा नको," म्हणत त्याने शुद्ध मराठीतल्या गाण्यांची छापील पुस्तकं वाटली. गाणं सुरू झालं, पण एकाही बाईने तोंड उघडलं नाही. मग माझी आई उठली. "वही ठेव तुलाच. आमाला सगला पाठ हाय!" तिने सूर धरला आणि चर्चभर बाया गाऊ लागल्या. हल्ली तिथे गाण्याला सुरुवात मी करते. छापील पुस्तक समोर असतं. ते मी आजवर उघडलेलं नाही.