गुळाची पावडर आणि माझा गाल

माझा गाल जाळणारी बाई आज पहाटे गेली.

आमची आत्ती. वडिलांची थोरली बहीण. नव्वदीच्या पुढं होती, त्यामुळं अकाली वगैरे काही नाही.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागलीय. "मायेचं माणूस गेलं." "आत्तीच्या हाताला गुण होता."

गुण? कुणाच्या हाताला? डोकंच फिरलं माझं, म्हणून लिहायला बसले.

सत्तरचं दशक. इस्लामपूरजवळचं आमचं गाव, घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. वडील मिलिटरीत, त्यामुळं घरात हुकूम आत्तीचा. आई तिच्यापुढं चकार शब्द काढायची नाही.

आणि मी अठरा वर्षांची, तोंडभर मुरुम.

स्किन इतकी ऑइली की सकाळी धुतलेलं तोंड दुपारपर्यंत भज्यांच्या कढईसारखं चकाकायचं. आजच्या पोरी मेडिकलमध्ये उभ्या राहून दहा फेसवॉश उलटेपालटे करतात, लेबल वाचतात. करा बायांनो, खुशाल करा.

मला चॉइस दोनच. आईचं डाळीचं पीठ, नाहीतर वडिलांनी कॅन्टीनमधून आणलेला वासाचा साबण.

साबण मला मानवला होता. मुरुम सुकायला लागले होते.

आत्तीला ते बघवेना. "वासाच्या साबनानं कुटं तेल जातंय व्हय? वरनं चिकटतंय नुसतं!" म्हणत तिनं तो म्हशी धुवायला दिला.

खरंच दिला. हसू नका.

तेवढ्यात रहिमतपूरचं स्थळ आलं. मुलगा मी आधी मावशीच्या लग्नात बघितला होता. पंगतीत वाढताना त्यानं स्वतःच्याच पायावर आमटी सांडली आणि स्वतःच हसत सुटला.

मला आवडला होता. लय आवडला होता. आता या वयात लाजू कशाला?

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच आत्तीनं मला गुऱ्हाळात नेलं.

तिथं गुळाला रंग यावा म्हणून काहिलीतल्या उकळत्या रसात एक पांढरी पावडर टाकायचे. काळपट रस बघता बघता पिवळा व्हायचा. आत्तीनं तीच पावडर वाटीत घेतली, वर लिंबू पिळलं. काडी पेटवल्यावर येतो तसला उग्र वास सुटला.

"आत्ती, नको गं. झोंबतंय."

"झोंबनारच. मळी निघतीया. एवढ्या काहिलीचा गूळ उजळतोय, तुजं वीतभर तोंड उजळायचं न्हाई व्हय?"

आणि घोसाळ्याच्या काथ्यानं खसाखसा घासलं.

दुपारपर्यंत डावा गाल सोलवटला होता. पाणी सुटत होतं. तशीच पदर ओढून मला पाटावर बसवली.

मुलाच्या आईनं विचारलं, "आवं, पोरीच्या गालाला काय झालं?"

मी आत्तीकडं बघितलं. वाटलं, आता सांगेल. घरचा इलाज केला, अंगलट आला, चार दिवसांत बरं होईल. एवढं म्हणाली असती तरी निभावलं असतं.

आत्ती म्हणाली, "काय सांगू बाई, नटायचं लय याड. हिनंच काय तरी फासलं."

पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. मुलानं वर बघितलंसुद्धा नाही.

गाल भरला, डाग राहिला. आणि "नटवी" हे नाव राहिलं. लग्न होऊन सांगलीला येईपर्यंत अख्ख्या गावानं मला त्याच नावानं ओळखलं.

गेल्या वर्षी आत्तीला भेटायला गेले होते. अंथरुणाला खिळलेली, पण बुद्धी शाबूत. खोलीत दोघीच. शेवटी विचारलंच.

"आत्ती, त्या दिवशी खोटं का बोललीस?"

"मग काय म्हनू? मीच जाळलं म्हनू? पाव्हनं उठून गेलं असतं."

"ते उठूनच गेले की गं!"

"गेलं तर गेलं. माजी अब्रू तरी ऱ्हायली."

सॉरी नाही. डोळ्यांत टिपूस नाही. वर म्हणते, च्या टाक.

टाकला मी चहा. दुसरं काय करणार?

तर ग्रुपवरच्या सगळ्या भाच्या-पुतण्यांनो, नीट वाचा. त्या दिवशी मी तोंडाला काहीही फासलं नव्हतं. आत्तीनं फासलं.

आत्ती, तू होतीस तोवर तुझी अब्रू मी सांभाळली. आता माझी मी सांभाळते.

रागासकट श्रद्धांजली.

जा आता.