गमबूट आत्या

माझी आत्या एका पायात गमबूट आणि दुसऱ्या पायात चप्पल घालून ट्रक धुते. मलकापूरच्या हायवेवरचे ड्रायव्हर तिला 'गमबूट आत्या' म्हणतात. दुसरा बूट कुठे गेला, ते मी सांगते.

आत्याचं वॉशिंग सेंटर आहे. नववीत शाळा सुटली आणि तिने मला ठेवून घेतलं. मी कशालाही घाबरायचे. टाकीवर झाडबेडकी दिसली तेव्हा किंचाळलेच! दुपारी मातकट होती, संध्याकाळी पिवळसर झाली. उडी मारताना मांड्यांवरचे पिवळेधमक ठिपके चमकले. आत्या खूश. "पाह्य वं, वरून बारदाना अन् आतून पैठणी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या आत, पाण्याच्या वर, भिंतीला पांढरा फेस. मला वाटलं शाम्पू उडाला. मी पाइप रोखला.

"थांब वं! बाळंतिणीची खोली हाये ते!"

फेसात अंडी होती. अंडी फुटली की पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात म्हणे.

तीन-चार दिवसांनी, मी तिरुपूरच्या कपड्यांच्या कारखान्यात कामाला निघायच्या आदल्या दिवशी, पाण्याची मोटर जळली. उरलंसुरलं पाणी एका ट्रकने संपवलं. आणि नेमका तेव्हाच फेस गळायला लागला! खाली कोरडं सिमेंट. बादल्या सगळ्या शाम्पूच्या. आत्याने पायातला बूट उपसला, विसळला, त्यात माठातलं पाणी ओतलं आणि टाकीत उतरून फेसाखाली धरला. टुप. टुप. शेपटीवाले ठिपके बुटात!

"आत्या, माह्यी गाडी?" ड्रायव्हर ओरडला.

"तुह्या गाडीले शेपूट हाये का? मंग थांब बे!"

हसून हसून मी टाकीच्या कडेवरून पडायची राहिले.

स्टेशनवर ती एकाच बुटात आली. माझं रडं थांबेना. "मले तिथं नाही जमलं तं?"

"तू पड बिनधास्त. बूट धराले मी आहो."

मग फोन सुरू झाले. "मोटर दुरुस्त झाली, पिल्लं टाकीत सोडले." "मांगचे पाय आले. तुले?" मशीनवर माझी शिवण वाकडीच जात होती. "नाही आले, आत्या." "येतीन." पुढचे पाय आले, शेपूट आटली, बोटभर बेडकं भिंतीवर चढली. त्याच आठवड्यात माझी शिवण सरळ गेली. मी फोनवर ओरडले, "आत्या, पुढचेबी आले!"

पलीकडे ती किती हसली!

"मंग आता बूट घाल की," मी म्हटलं.

"काऊन घालू? तुह्यी शेपूट अजून गेली नाही."